लेहला भाजलेल्या भावाला इन्फेक्शनचा धोका जास्त का, याचं जरा लांबलचक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की धाकटा भाऊ लडाखमधे पोस्टिंगला, तंबूतल्या बुखारीचा, म्हणजे रॉकेलवर तंबू तापवणाऱ्या शेगडीचा, भडका होऊन ३५ टक्के भाजला, दोन दिवस लेहला ठेवून मग चंदीगडला हलवला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की उंचावर भाजलाय त्यामुळे इन्फेक्शनचा धोका जास्त धरूनच चालायचं. तुम्ही विचारलंय की उंचीचा आणि इम्युनिटीचा काय संबंध, आता तर तो खाली आला मग धोका अजून का, आणि घरून इम्युनिटी बूस्टरच्या गोळ्या-पावडरी पाठवल्या तर चालतील का.

मी भूलतज्ज्ञ. एएफएमसीतून, म्हणजे पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजातून निघालो, नोकरीची काही वर्षं लडाखमधे गेली आणि नंतर बराच काळ मैदानातल्या बर्न्स आयसीयूत. भावाची फाइल मी बघितलेली नाही, त्याच्याबद्दल त्याचे डॉक्टर सांगतील तेच खरं, मी फक्त आत काय चालतं ते सांगतो. गोळ्यांचं उत्तर आधीच देऊन टाकतो, पाठवू नका. का ते पुढे येईल.

सुरुवात हवेपासून. लोक म्हणतात वर ऑक्सिजन कमी असतो, तर प्रमाण म्हणून तो कमी नसतो, पुण्यात २१ टक्के आणि लेहलाही २१ टक्केच. कमी असतं ते प्रेशर. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टाकीत पाणी असतं पण वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या फ्लॅटला नळ नुसता फुसफुसतो, तसं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या मापाने ७६० मिलिमीटर, त्यातून श्वासनळीतल्या वाफेचा ४७ वजा केला आणि २१ टक्के काढले की ऑक्सिजनच्या वाट्याला साधारण १५० येतात. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हाच हिशोब ९५ च्या आसपास येतो, आणि साडेपाच हजार मीटरवरच्या एखाद्या पोस्टवर ७०. हे नाकातलं झालं. तिथून फुप्फुस, मग रक्त, मग बारीक केशवाहिनी आणि मग पेशी, प्रत्येक टप्प्याला थोडं थोडं गळत जातं. धडधाकट नवीन माणूस लेहला उतरला की बोटावरचं रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन ८८-९० टक्के दाखवतं आणि तो मोमो खात फिरत असतो, कारण त्याच्या पेशींना तेवढ्यात भागवता येतं. भाजलेल्या माणसाची जखम म्हणजे त्या पाइपलाइनवरचा शेवटचा फ्लॅट. उत्तराचा गाभा खरं तर एवढाच आहे, पण तुम्ही सविस्तर मागितलंय म्हणून पुढे जातो.

आता भाजणं. २० टक्क्यांच्या वर भाजलं की तो नुसता कातडीचा प्रश्न राहत नाही, अख्खं शरीर पेटून उठतं. मेलेल्या पेशींमधून जो ऐवज बाहेर पडतो त्याला आपली इम्युन सिस्टीम जंतूंचा हल्लाच समजते, तेव्हा एकही जंतू आलेला नसला तरी. केशवाहिन्या गळायला लागतात, रक्तातलं पाणी आणि प्रोटीन बाहेर, आणि त्या प्रोटीनबरोबर अँटिबॉडीजही वाहून जातात. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल आभाळाला, आणि पुढचे कित्येक आठवडे शरीर दीडपट ते दुप्पट इंधन जाळत राहतं. मागणी दुप्पट आणि वर पुरवठ्याचं प्रेशर कमी, म्हणजे पगार निम्मा झाला त्याच महिन्यात घरात लग्न निघावं तसं.

या सगळ्यात इम्युनिटीचं नेमकं काय होतं? लोकांच्या डोक्यात इम्युनिटी म्हणजे बॅटरीसारखं काहीतरी असतं, फुल किंवा लो. तसं नसतं हो. भाजल्यावर पहिले काही दिवस ती एका बाजूने प्रमाणाबाहेर भडकलेली असते आणि दुसऱ्या बाजूने विझत चाललेली असते, दोन्ही एकाच वेळी. भडकलेल्या बाजूला न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींमधले पायदळ. विझणाऱ्या बाजूला टी-सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशींमधलेच हुकूम देणारे अधिकारी, ज्यांची संख्याही पडते आणि ताकदही. मोनोसाइट नावाच्या पेशी जंतूचा तुकडा उचलून टी-सेल्सना दाखवतात, हा बघ चोर म्हणून, त्यासाठी त्यांच्या अंगावर एचएलए-डीआर नावाचा एक ट्रे असतो आणि मोठ्या बर्न्समधे हे ट्रेच कमी होतात. म्हणजे चोर समोर उभा आणि ओळख परेड बंद. आयएल-१० सारखे शांत करणारे सिग्नल वाढतात, शरीराच्या दृष्टीने तो ब्रेक असतो, पण जखम उघडी असताना ब्रेक लागला की जंतूंचं फावतं.

आता यात उंची कुठे घुसते ते बघा, आणि हा भाग जरा निवांत वाचा.

न्यूट्रोफिल जंतूला गिळतो हे शाळेत शिकलेलो असतो. गिळल्यावर मारतो कसा हे कोणी सांगत नाही. तो ऑक्सिजन जाळून मारतो. जंतू पोटात घेतला की त्याचा ऑक्सिजनचा खप कित्येक पटीने वाढतो आणि हा ऑक्सिजन त्याला स्वतःच्या एनर्जीसाठी नको असतो, त्यातून तो सुपरऑक्साइड बनवतो, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यातून चक्क आपल्या ब्लीचिंगच्या जातीचं हायपोक्लोरस अॅसिड. हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव एनएडीपीएच ऑक्सिडेज. काही मुलं जन्मतःच या एन्झाइमशिवाय येतात, त्यांच्या न्यूट्रोफिलची संख्या व्यवस्थित, जंतू गिळतातही व्यवस्थित, पण मारता येत नाही म्हणून स्टॅफिलोकोकस आणि बुरशीची वारंवार इन्फेक्शनं होत राहतात. या एन्झाइमची दुसरी खोड अशी की त्याला कच्चा माल बऱ्यापैकी प्रेशरने लागतो. आपल्या बाकीच्या पेशींचं मायटोकॉन्ड्रिया अगदी एक-दोन मिलिमीटर प्रेशरवरही रेटून नेतात, पण या ऑक्सिडेजला अर्ध्या वेगाने चालायलाच ४० ते ८० मिलिमीटर लागतात. निरोगी माणसाच्या कातडीखाली समुद्रसपाटीला साधारण ५०-६० असतं, त्यात काम चालतं. भाजलेल्या जखमेच्या मधोमध रक्तवाहिन्या जळून गोठलेल्या, सूज आलेली, तिथे खाली मैदानातसुद्धा ५-१० वर येतं. आता विचार करा की हीच जखम अशा माणसाच्या अंगावर आहे ज्याच्या धमनीतच १०० च्या जागी ५५ आहेत. पेशी पोचली, जंतूही गिळला, पण बंदुकीत दारूच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे थॉमस हंट नावाचे सर्जन होते, त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी आयुष्यभर हेच मोजलं, जखमेतला ऑक्सिजन किती आणि ती पिकते किती, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेले निघाले. मी रेसिडेंट असताना हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं.

लेहच्या बाजूला माझ्याकडे एक जवान आला होता, साधारण तुमच्या भावाएवढाच भाजलेला. मास्क लावला, बोटावर ९४ आलं, मी खूश. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर जी जागा गुलाबी राहील असं वाटलं होतं ती राखाडी पडलेली, वरवरची जखम खोल झालेली. बोटात ९४ होतं, जखमेत नव्हतं, कारण पेशंट थंड होता आणि आतून आकसलेला होता. वॉर्डात हीटर होता, पण ड्रेसिंगला दीड तास उघडा ठेवला होता मी. थंडीने कातडीच्या रक्तवाहिन्या मिटतात आणि नळ तिथेच बंद होतो. १९९६ मधे एक ट्रायल छापून आली होती, आतड्याच्या ऑपरेशनचे २०० पेशंट, निम्म्यांना ऑपरेशनमधे नीट गरम ठेवलं आणि निम्मे नेहमीसारखे दोनेक डिग्री थंड झाले, थंड झालेल्यांत जखमेचं इन्फेक्शन १९ टक्के आणि गरम ठेवलेल्यांत ६. फक्त दोन डिग्री, आणि तेही उबदार थिएटरमधे! लडाखच्या जानेवारीत काय होत असेल. त्यानंतर मी ड्रेसिंग करताना एका वेळी एकच हात किंवा एकच पाय उघडायचा असा नियम केला आणि खोली इतकी तापवायचो की सिस्टर लोक मनातून शिव्या घालत असतील.

इथे एक उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल कमी ऑक्सिजन म्हणजे सगळंच वाईट. आपल्या पेशींमधे एचआयएफ नावाचं एक प्रोटीन आहे, ऑक्सिजनचा वॉचमन. ऑक्सिजन मुबलक असेल तर हे बनतं आणि लगेच तोडून टाकलं जातं, प्रेशर पडलं की ते तुटायचं थांबतं, साठतं, केंद्रकात जातं आणि शेकडो जीन्स चालू करतं. याच शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा तिघांना. उंचावर हिमोग्लोबिन वाढतं तेही याच्यामुळेच. हा वॉचमन न्यूट्रोफिलमधे उठला की ती पेशी जास्त दिवस जगते, ऑक्सिजनशिवाय साखरेवर चालायला शिकते आणि जंतू मारायची बाकीची, ऑक्सिजन न लागणारी हत्यारंही परजते. गळू झालं, सूज आली, तिथे थोडा वेळ ऑक्सिजन कमी झाला तर हे फायद्याचंच, निसर्गाने त्यासाठीच ठेवलंय. अडचण तेव्हा होते जेव्हा कमी ऑक्सिजन थोडा वेळ आणि एका कोपऱ्यात नसून सगळ्या अंगात आणि दिवसेंदिवस असतो. मग न्यूट्रोफिल मरायच्या वेळी मरत नाहीत, रेंगाळतात, आणि जंतूंऐवजी आपलीच फुप्फुसं, आपलंच आतडं खरवडत बसतात. त्याच वेळी ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी अॅडिनोसिन नावाचं रसायन सोडतात आणि ते टी-सेल्सच्या अंगावर बसून त्यांना झोपवतं. म्हणजे भाजल्यामुळे जे असंतुलन झालं होतं, पायदळ पिसाळलेलं आणि अधिकारी झोपलेले, तेच उंची अजून त्याच दिशेला ढकलते. एक अधिक एक दोन असं नाही, दोघेही एकाच खटक्यावर बोट ठेवतात.

टी-सेल्सवर नुसत्या उंचीचा परिणाम होतो हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे. १९८५ मधे अमेरिकन लष्कराच्या नेटिकच्या प्रयोगशाळेत ऑपरेशन एव्हरेस्ट-२ नावाचा प्रयोग झाला, धडधाकट स्वयंसेवकांना चेंबरमधे बसवून ४० दिवसांत हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याएवढा दाब कमी केला. त्यात त्यांचं रक्तही तपासलं, तर सुमारे ७,६०० मीटरच्या बरोबरीला टी-सेल्सची उत्तेजनाला साथ देण्याची ताकद घटली होती पण बी-सेल्स (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) आणि अँटिबॉडीच्या बाजूला तसा फरक नव्हता. लक्षात घ्या, हे भाजलेले नव्हते, थंडीत नव्हते, जेवत-खात होते. तिबेटच्या पठारामुळे चिनी लष्करी डॉक्टरांनीही या विषयात बरंच काम केलंय. आपल्याकडे १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत ही सियाचीन ताब्यात घ्यायची लष्करी मोहीम सुरू झाली तेव्हापासून सियाचीनवर माणसं बारा महिने आहेत आणि जिथे माणसं तिथे रॉकेलची बुखारी, बर्फ वितळवायला स्टोव्ह, फायबरग्लासची झोपडी. १९ जुलै २०२३ च्या पहाटे सियाचीनवर आग लागली त्यात रेजिमेंटचे डॉक्टर कॅप्टन अंशुमान सिंग गेले, इतरांना बाहेर काढून औषधांच्या शेल्टरकडे परत गेले होते ते. कीर्ती चक्र मिळालं मरणोत्तर. शत्रूपेक्षा थंडी, उंची आणि आग यांनी जास्त त्रास दिलाय तिथे. लडाखचे इंजिनियर सोनम वांगचुकांनी २०२१ मधे जवानांसाठी सूर्याच्या उष्णतेवर तापणारा तंबू दाखवला तेव्हा लोकांना रॉकेलची बचत आणि प्रदूषण दिसलं, मला पहिल्यांदा बर्न्स वॉर्डातल्या रिकाम्या खाटा दिसल्या.

बुखारीवरून आठवलं, बंद तंबूत भडका झाला की धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही आत जातो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून घट्ट चिकटतो आणि गंमत म्हणजे बोटावरचं मशीन त्यालाही ऑक्सिजनच समजतं, आकडा ९७ आणि माणूस आतून गुदमरतोय. तुमच्या भावाला सुरुवातीला आकडा चांगला असूनही मास्क का लावून ठेवला होता असं तुम्ही लिहिलंय, ते याचसाठी. साध्या हवेवर हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर दीडेक तास.

आता आतडं. याच्याकडे घरच्यांचं लक्ष कधीच जात नाही. शॉकमधे, म्हणजे रक्तातलं पाणी गळून रक्ताभिसरण कोसळायला लागलं की, शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतड्याचं रक्त कापतं. उंचीवर रक्तात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात हा कट, मग आतड्याचं अस्तर ढिलं पडतं आणि आतले जंतू, त्यांची विषं रक्तात झिरपायला लागतात. म्हणजे बाहेरून कातडीची भिंत गेली आणि आतून आतड्याची. त्यात उंचीवर भूक मेलेली असते हे तुमच्या भावाने फोनवर सांगितलंच असेल, पोस्टवर महिना-दोन महिने राहिलेला माणूस चार-पाच किलो उतरलेला असतो, भाजतो तोही असा उपाशीच. म्हणून नाकातून नळी टाकून पहिल्या दिवसापासूनच थोडं थोडं दूध-पातळ अन्न चालू करतात. घरच्यांना वाटतं एवढा आजारी आणि याला नळीने जेवण कसलं भरवताय, पण ते पोषणापेक्षाही आतड्याची भिंत जागी ठेवायला असतं.

सलाइनचा एक घोळ सांगतो, कारण दोन दिवस लेहला का ठेवलं, लगेच का आणलं नाही, हाही प्रश्न तुमच्या लिहिण्यात डोकावतोय. १९६८ पासून जगभर पार्कलंड फॉर्म्युला चालतो, चार मिली गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. ७० किलो आणि ३५ टक्के म्हणजे ९,८०० मिली, निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नाही. खाली हे ठीक. वर राहिलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन १८-१९ असतं आणि रक्तातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. त्यामुळे तो शॉकमधे लवकर जातो, पण दुसरीकडे उंचीने फुप्फुसातल्या नळ्या आकसलेल्या असतात आणि पाणी जरा जास्त झालं की फुप्फुसं भरतात. मी एकदा याच्यात फसलो. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते, ६२ आलं, वाटलं रक्त फारच घट्ट झालंय, सलाइन वाढवलं, पहाटेपर्यंत छातीत बुडबुडे. त्याचं नेहमीचंच ५५ च्या वर असणार हे डोक्यातच आलं नाही. पाणी कमी पडलं तर जखमेपर्यंत रक्त पोचत नाही, जास्त झालं तर सूज वाढून जखमेपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि फुप्फुसही जातं, मधली वाट अरुंद आहे आणि ती लघवीच्या तासाच्या मापावरूनच शोधावी लागते, किलोमागे अर्धा मिली. अशा पेशंटला शॉक आवरायच्या आधी हेलिकॉप्टरात घालायचं म्हणजे अजून वर न्यायचं, हेलिकॉप्टरला प्रेशर केबिन नसते, आणि विमानाला असली तरी आत साधारण दोन हजार मीटरची उंची असते. शिवाय लडाखच्या हवामानाला विमान उडालंच पाहिजे असं कोणाचं चालत नाही. त्यामुळे दोन दिवसांवरून मनात काही धरू नका.

आणखी एक, उंचीच्या आजाराला डेक्सामेथासोन देतात, चांगलं औषध आहे, मेंदूला सूज आली तर जीव वाचवतं. पण ते स्टेरॉइड, म्हणजे झोपत चाललेल्या टी-सेल्सना अजून एक गोळी. कोणी वर घेत असेल तर बर्न्सच्या डॉक्टरला ते कळलं पाहिजे. भावाने भाजायच्या आधीच्या दिवसांत डोकेदुखीसाठी काही घेतलं होतं का एवढं त्याच्या साथीदारांना विचारून डॉक्टरांना सांगा, हे तुमच्या हातातलं काम आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खाली आला मग धोका का संपला नाही. चंदीगड तीनेकशे मीटरवर, नळाला प्रेशर आलं हे खरंय, रक्तातला ऑक्सिजन त्याच दिवशी सुधारला. पण त्या दोन-तीन दिवसांत जे ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. भाजलेल्या जागेभोवती एक अर्धमेला पट्टा असतो, तो जगणार की मरणार हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन आणि रक्तावर ठरतं, वर असताना त्यातला थोडा जास्त गेला असणार. म्हणजे मेलेली कातडी जास्त, आणि मेलेल्या कातडीत रक्तच नाही त्यामुळे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पोचत नाही आणि पांढऱ्या पेशीही नाहीत. सुरुवातीला आपल्याच केसांच्या मुळातले स्टॅफिलोकोकस, मग आठवड्याभरात स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर ही वॉर्डातली मंडळी मुक्कामाला येतात. आणि टी-सेल्सचा खड्डा बरेच दिवस पुरतो, खाली उतरल्यावर स्विच दाबल्यासारखा भरत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले धरून चाला.

यावर खरा उपाय म्हणजे मेलेली कातडी लवकर काढून टाकणं आणि जागा झाकणं. १९७० मधे झोरा यान्झेकोविच या युगोस्लावियातल्या सर्जनबाईंनी हे पहिल्या काही दिवसांतच पातळ पातळ थर कापून करता येतं हे दाखवलं, त्याआधी ती आपोआप सडून गळायची वाट बघायचे. स्वतःची कातडी कमी पडली तर स्किन बँकेतली, मेल्यानंतर दान केलेली कातडी तात्पुरती लावतात. आपल्याकडे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमुळे महाराष्ट्रात तरी लोकांना हे दान माहीत व्हायला लागलंय, तरी डोळ्यांइतकं नाही. तुम्हाला ऑपरेशनच्या संमतीसाठी फोन आला आणि वाटलं की इतक्या लवकर कशाला, अजून अंगात त्राण नाही त्याच्या, तर लांबवायला सांगू नका. जखम उघडी आहे तोवर इम्युनिटी गळतच राहणार.

गोळ्यांचं. ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल बर्न्समधे इम्युनिटी वाढवतं म्हणून वर्षानुवर्षं दिलं जायचं, मीही दिलंय. २०२२ मधे १,२०० भाजलेल्या पेशंटवर मोठी ट्रायल छापून आली, काही फायदा नाही. हे नीट मोजलेल्या एका औषधाचं झालं, डब्यावर सिंहाचं चित्र असलेल्या पावडरीचं तर बोलायलाच नको, त्यात काय आहे हे कोणालाच माहीत नसतं आणि भाजलेल्या माणसाची किडनी आधीच काठावर असते. व्हिटॅमिन सीचे भारी डोससुद्धा किडनीत खडे-क्षार करू शकतात. झिंक, व्हिटॅमिन वगैरे जे लागतं ते तिथे मोजून देतात. त्याला लागतं ते प्रोटीन, भरपूर, आणि तेही तिथल्या डाएटिशियनने सांगितलेलं. तो तोंडाने खायला लागला की अंडी, पनीर, डाळ, आणि परवानगी मिळाली तर तुमच्या हातचं काहीतरी, कारण आजारात माणूस डब्याचं नाव बघून नाही, घरची चव बघून दोन घास जास्त खातो.

आणि सुरुवातीपासूनच भारी अँटिबायोटिक का नाही देत असंही विचारलंय. इन्फेक्शन नसताना दिलं तर साधे जंतू मरतात आणि रेझिस्टंट जंतूंना मोकळं मैदान मिळतं, म्हणून जखमेवर चांदीचं मलम किंवा ड्रेसिंग आणि शिरेतलं औषध वेळ आल्यावर. फोनवर नुसता ताप विचारत बसू नका, मोठ्या बर्न्समधे ३८-३८.५ हा नेहमीचा आकडा होऊन जातो. त्यापेक्षा विचारा की नळीचं जेवण पचतंय का, पोट फुगलंय का, शुगर अचानक वर गेली का, प्लेटलेट पडतायत का, असंबद्ध बडबडतोय का, ताप उलट ३६ च्या खाली तर गेला नाही ना. यातलं काही बदललं तर डॉक्टर आधीच हललेले असतील, पण तुम्हाला त्यांचं बोलणं समजेल.

भेटायला जाल तेव्हा कोपरापर्यंत हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढून, गाऊन घाला, सर्दी असेल तर बाहेरूनच बघा. हळद, देवाचा अंगारा जखमेजवळ नको, कपाळालाही नको, उशीखाली पुडी ठेवायची तर सिस्टरना विचारून प्लास्टिकमधे. यावरून एका मावशींनी माझ्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं.

शेवटचं तुम्ही लिहिलंय की आई विचारतेय त्याला परत वर पाठवतील का. लगेच नक्की नाही. जखमा भरल्या, हालचाल आली की मेडिकल बोर्ड बसतं आणि शेप कॅटेगरी, म्हणजे लष्करातली फिटनेसची श्रेणी ठरते. ग्राफ्ट केलेल्या, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेल्या कातडीला घाम येत नाही, थंडीही तिला नीट कळत नाही, तिथे फ्रॉस्टबाइट (थंडीने कातडी गोठून मरणं) झाला तर उशिरा लक्षात येतो, त्यामुळे बराच काळ त्याला थंड आणि उंच भागापासून लांब ठेवायची शिफारस होण्याची शक्यता जास्त. बोर्डाच्या वेळी त्याने लाजेखातर सगळं ठीक आहे साहेब असं म्हणू नये एवढं त्याला बजावा, जवान हमखास म्हणतात. हाताची बोटं सकाळी किती आखडतात, थंडीत ग्राफ्टची जागा निळी पडते का, झोपेत आगीची स्वप्नं पडतात का, सगळं सांगायचं, फोटो काढून ठेवायचे.